हळदीची साडी आणि सातबारा

अर्ज सांगायला बसली की हिरूआत्या पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "आधी तारीख टाक. आनि रडायचं न्हाय लिवायचं." आमच्या शेजारची ही आत्या कधी शाळेत गेली नव्हती. मी बी.ए. करत होते, घरातली पहिलीच, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. खरं तर अर्ज लिहायला मी कॉलेजात नाही, तिच्या ओट्यावर शिकले.

आत्याचं माहेर कोन गावातलं. भाच्याच्या हळदीत मानाची पहिली साडी नवरदेवाच्या मावशीला गेली. आत्या असताना मावशी! हिरूआत्या भरल्या मांडवातून उठून निघाली. पुढच्याच महिन्यात तिचे वडील वारले. वारसांची नोंद करताना तलाठ्याने तिच्या भावाला विचारलं, "बहिणी किती?" मुलाच्या हळदीतून बहीण उठून गेली म्हणून दामूदादा अजून फणफणतच होता. "मना बहीन न्हाय!" तलाठ्याने तसंच लिहून घेतलं.

ते खोडायला सहा वर्षं प्रांत कचेरीच्या खेपा. आधारवर सासरचं नाव, शाळेचा दाखला नाही. कधी साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर, कधी फाइलच सापडत नाही. एवढीशी जमीन, कशाला ही वणवण, असं मी एकदा म्हणाले. आत्या उसळली, "जमीन ऱ्हाऊ दे. बापाच्या खाली माजं नाव पायजे. मी काय आभालातून पडले?"

शेवटच्या सुनावणीला दीड वाजला तरी वकिलांचं बोलणं संपेना. आत्याने तिथेच डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट. मग समोरच्या बाकावर ओरडली, "दादा, साखरेची गोली घेतली का?"

"न्हाय गो हिरे. जेवल्यावर घ्यायची."

"मंग ये, खा. तोंड बघ कसं सुकलंय!"

वकील दादाचा शर्ट ओढत राहिला, दादा भाकरी मोडत राहिला. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "या तुमच्या कोण?"

"बहीन," दादा भरल्या तोंडाने म्हणाला. "धाकटी. ल्हानपनापासून असाच तरास हाय."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या."

सातबाऱ्यावर नाव चढलं, तेव्हा तिने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या भाऊबीजेला दादा हळदीची राहिलेली साडी घेऊन आला. आत्याने ती उलटीसुलटी पाहिली आणि साडीचा खोका माझ्यापुढे सरकवला. "याच्यावर पन तारीख टाक. खाली लिव, उशिरा मिलाली."

मागच्या वर्षी आत्या गेली. दादाने तीच साडी तिच्या अंगावर घातली आणि लहान मुलासारखा रडला. खोका माझ्याकडे आहे. तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय : उशिरा मिळाली.