आतली कडी

"बसा आत, शेठ. घाबरू नका, मी भाईरच हाय."

एवढं बोलून तो बाहेरून कडी घालायचा. नवी इमारत बांधलेल्या माणसाला त्याच्याच इमारतीत कोंडायचा आणि दाराबाहेर उकिडवा बसून सुपारी कातरायचा. असली तपासणी तुम्ही कुठं पाहिली आहे का? मी पाहिली, सोसली, आणि आठवली की अजून माझं डोकं तापतं.

उमरग्यात त्याला सगळे आगीचा दारोगा म्हणायचे. निजामाचं राज्य होतं. कापसाचं नवं जिनिंग असो, धर्मशाळा असो की माझी टॉकीज, लोक आत शिरण्याआधी हा सायकलवरून हजर. उद्या इथं आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील, एवढंच त्याला बघायचं असे. त्याचं समाधान झालं तरच परवाना. बारीक अंगाचा, कोपरावर विटलेली काळी शेरवानी, आणि तोंडात कायम सुपारीचं खांड.

धर्मशाळा बांधणारा आमचा सावकार चांगला गरगरीत होता. दारोग्यानं त्याला आत कोंडलं आणि मागच्या दारानं निघायला सांगितलं. सावकार दारात अडकला. आम्ही सगळे हसत होतो, दारोगा तेवढा हसला नाही. गवंड्याला हाक मारून म्हणाला, "शेठ निघतील एवढं दार कर. ते निघाले तर समदं गाव निघंल."

मग माझी पाळी आली.

मी तंबूतल्या सिनेमाबाहेर शेंगा विकत वाढलो. त्याच जागी पक्की टॉकीज उभी केली तेव्हा मला कुणी हात दिला नव्हता. दसऱ्याला पहिला खेळ करायचा, अशी दवंडीही देऊन झाली होती. बायकांसाठी मागच्या बाजूला भिंत घालून, लोखंडी जाळीतून चित्र दिसेल असा वेगळा जनाना केला, त्याला वेगळं एकच दार. गावातल्या बड्या घरांचा निरोप आला होता, की खेळ चालू असताना त्या दाराला बाहेरून कुलूप पाहिजे आणि दाराशी राखणदार पाहिजे, तरच आमच्या बायका येतील. कापसाचे एक बडे व्यापारी तर स्वतः येऊन बजावून गेले. मी कबूल केलं. धंदा होता माझा. एक बाई आली की मागून सगळं घर येतं.

दारोग्यानं ते कुलूप पाहिलं आणि थांबला.

"हे काढा. कडी आतून बसवा."

"दारोगासाहेब, आतून कडी म्हंजे कुणीबी बाई कवाबी भाईर! कोण पाठवंल घरच्या बायका?"

"अन् आग लागली तर?"

"राखणदार हाय की चावी घेऊन."

"बसा आत, शेठ."

मी बसलो. बाहेर कुलूप लागलं. तेवढ्यात त्यानं विजेचं इंजिन चालू करायला लावलं आणि पडद्यावर चित्र सुरू करायला सांगितलं. राखणदार येऊन दार उघडेल म्हणून मी वाट पाहिली. मग हाका मारल्या. मग दारावर बुक्क्या घातल्या. इंजिनाची धडधड, पडद्यावरचं गाणं, माझा आवाज कुणाच्या कानी जाणार? माझ्या पैशानं उभ्या केलेल्या भिंतींत मी घामानं निथळत बोंबलत होतो. राखणदार पुढं जाऊन फुकटचा सिनेमा बघत बसला होता, चावी कमरेला.

दार उघडलं तेव्हा मी तोंडाला येईल ते बोललो. दारोग्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी पुढं केली.

"तुमचा माणूस इमानदार हाय, शेठ. चावी हरवली न्हाय त्यानं."

तरी मी हटलो नाही. दोन राखणदार ठेवतो म्हटलं. न्हाय. कुलूप नको, बाहेरून नुसती कडी ठेवतो. न्हाय. बाहेरून एक, आतून एक. न्हाय. उभ्या बाजारात माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकलं नव्हतं, आणि हा माणूस एका शब्दावर बसून होता.

"मग एक बाई येणार न्हाय माझ्या टॉकीजला!" मी ओरडलो. "दसऱ्याला जनाना ओस पडंल. ती भरपाई तुमी करणार का?"

तो पहिल्यांदाच विचारात पडला.

"माझी अम्मी येईल," तो म्हणाला. "पैल्या खेळाला. आतून कडी घालून बसंल. मग तर झालं?"

त्याची अम्मी दिवसाउजेडी उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी बाई. मी तसाच बाजारात गेलो आणि दारोग्याची आई येणार, ही खबर गावभर केली. तो संतापून आला. "माझ्या आईची जाहिरात करता, शेठ?"

"तुमीच दिली न्हवं का मला?"

दसऱ्याला पडदा लावलेली बैलगाडी दाराशी लागली. अम्मी उतरली, दाराजवळच्या जागेवर बसली आणि स्वतःच्या हातानं आतली कडी सरकवली. तिच्या मागून मोहल्ल्यातल्या बायका आल्या, मग आमच्या आळीतल्या. पुढं ती जागा तिचीच झाली. बड्या घरांच्या बायका मात्र कधीच आल्या नाहीत. तुझ्यामुळं नाही, तुझ्या दारोग्यामुळं, असं मला ते बडे व्यापारी तोंडावर म्हणाले. तो राग मी दारोग्यावर काढत राहिलो. तरी कधी चहा पुढं केला की तो म्हणायचा, "परवाना दिलेल्या घरचा च्या मी पीत न्हाय. नोकरी सुटली की येतो."

मग फौज आली, निजाम गेला, राज बदललं.

आधी निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी गावं नागवली होती. आता त्यांच्या पापाचा सूड भलत्याच लोकांवर उगवायला माणसं निघाली. दारोगा बेंबळीकडं एक नवं गोदाम बघायला गेला होता. एका दुपारी अम्मी मोहल्ल्यातल्या बायकापोरांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी जनान्याचं दार उघडलं. त्या आत गेल्यावर कडी सरकल्याचा आवाज ऐकला आणि दारापुढं खुर्ची टाकून बसलो.

माणसं आली. माझ्याच टॉकीजला पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारी. पुढं कोण? तेच बडे व्यापारी.

"शेठ, चावी द्या."

"कसली चावी? तुमच्या सांगण्यावरनं कुलूप लावणार हुतो, दारोग्यानं लावू दिलं न्हाय. कडी आतून हाय. मलाबी उघडता येत न्हाय."

"मग पेटवून देऊ."

"पेटवा. भिंतीला भिंत लागून तुमचंच कापसाचं गोदाम हाय."

ते आपल्या गोदामाकडं बघू लागले. दार फोडायचं तर दाराची किंमत आधी ठरवा म्हटलं. सागवानाचा भाव काढला, सुताराची मजुरी काढली, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. रागानं माझा आवाज फुटत होता, पण घासाघीस मी सोडली नाही. ऊन उतरलं तेव्हा सडकेवर फौजेच्या लॉऱ्यांचे भोंगे वाजले आणि गर्दी पांगली.

आतून अम्मीचा आवाज आला. "बेटा, भाईर कोण हाय?"

"मी भाईरच हाय, अम्मी."

तेव्हा कुठं कडी निघाली.

दारोगा बेंबळीहून परत आला नाही. मी माणसं पाठवली, स्वतः गेलो. कुणी काही सांगेना. आता तुम्हीच सांगा, याचा जाब मी कुणाला विचारायचा? ज्यानं गावाच्या प्रत्येक इमारतीतून माणसांची वाट काढून ठेवली, तो कुठल्या वाटेवर गेला, हे या गावाला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. अम्मी काही दिवस दाराजवळच्या तिच्या जागेवर येऊन बसायची, खेळ नसतानाही. मग गुलबर्ग्याचे नातेवाईक तिला घेऊन गेले.

पुढच्या सालचा परवाना द्यायला नवा साहेब मोटारीतून आला. खाली उतरलाच नाही. खिडकीतून हात काढून म्हणाला, "सगळं ठीक आहे ना? आणा, सही करतो."

"आत या," मी म्हटलं.

"कशाला?"

"बसा आत. मी भाईरच हाय."

तो वेड्याकडं बघावं तसा हसला आणि सही करून मोकळा झाला. हॉटेलवाला पोरगा तेवढ्यात कपबशी घेऊन आला. साहेबानं खिडकीतून हात पुढं केला. मी कप उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत चहा रस्त्यावर ओतला.

तो चहा त्याचा नव्हता.