पाळ फोडायला आले तेव्हा

परवा आमच्या तळ्याची पाळ फोडायला माणसं आली होती. अजून माझा राग उतरलेला नाही... म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्धेच्या काठाकडून अमरावतीला जाणारी गाडवाट आमच्या गावावरून जाते, आणि वाटेला लागूनच हे तळं. कोणी म्हणतं गवळी राजानं बांधलं, कोणी भोसल्यांचं नाव घेतं. पाळीवर चिंचा, खाली आठवडी बाजार, पलीकडे भोयांची आणि माळ्यांची घरं.

लहानपणी पंतोजी आम्हाला याच पाळीवर बसवून आर्या पाठ करून घेत. आर्यांतल्या तळ्यात राजहंस असायचे, सोन्याची कमळं असायची... आमच्यात म्हशी आणि शिंगाडे. तरी चाल लावली की समोरचं पाणी हलायचं आणि वाटायचं, ते सगळं इथंच घडलं असणार. या वयातही वाटतं.

उन्हं तापायला लागली की पाणी मागं हटतं. ओला गाळ उघडा पडतो आणि माळी त्यात वाड्या लावतात... काकडी, वांगी, डांगरं. पाणी जसं मागं जाईल तशी वाडी त्याच्या मागं मागं सरकते. विहीर नाही, मोट नाही. माझ्या शेजारची गंगूबाई माळीण विधवा आहे, वर्षाचं पोट याच गाळावर भरते.

आता हे कापसाचं वेड. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडातली माणसं बिघडली. ज्वारीची वावरं गेली, गुरांची कुरणं गेली... आमच्या पाटलांनी तर बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. मी ते हसून सोडून दिलं होतं.

मग अमरावतीचा एक कापसाचा अडत्या आला. पाळीवर उभा राहून गाळाकडे असा पाहत होता, जसं कोणी जेवणाच्या ताटाकडे पाहतं. "ऐसी काली मिट्टी," म्हणाला, "पाण्याखाली काय सडवता, पाटील?"

झालं. पाळ फोडायची, तळं रितं करायचं आणि मृगात सगळीकडे सरकी पेरायची असं ठरलं.

मी चावडीवर गेलो. पाण्याविषयी, गावाविषयी जे सुचलं ते बोललो... मधे एक आर्याही म्हटली, हे खरं. पाटील पान चघळत ऐकत होते. म्हणाले, "आबाजी, चाल लय गोड हाय तुमची. पन आता रामनवमीले म्हना."

सगळे हसले. गंगूबाई दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "आन आमी कुठी जाव, पाटील?"

"तू काहून रडून राहिली? कापूस वेचाले ये. मजुरी भेटन तुले."

स्वतःची वाडी लावणाऱ्या बाईला हे उत्तर. मी तसाच चावडीच्या पायऱ्या उतरलो.

परवा सकाळी कुदळी घेऊन माणसं आली. मी फोडायच्या जागेवर जाऊन बसलो. दोघांनी मला बखोटीला धरून अलगद उचललं आणि चिंचेखाली नेऊन ठेवलं... वर "ऊन लागन, आबाजी" असंही म्हणाले. त्या मायेनं मी जास्तच पेटलो.

पहिल्या कुदळी पडल्या तेवढ्यात गाडवाटेवर धूळ उठली. कापसाच्या गाड्यांची रांग अमरावतीला निघाली होती आणि कापूस याच अडत्याचा. गाडीवानांनी नेहमीप्रमाणे पाळीवर गाड्या सोडल्या... नेमक्या तिथेच, जिथे खोदायचं होतं. बैल उतरून पाण्याला लागले.

अडत्या ओरडला, "हटवा गाड्या!"

पुढचा गाडीवान पागोट्यानं तोंड पुसत म्हणाला, "हटवतो ना, शेठ. बैलं पिऊन घेऊ द्या. आन आज तलाव फोडून राहिले काय तुमी? सांगून ठेवा मंग. पुढच्या खेपेले आमी तिवस्यावरून जातो, लांब पडलं तरी."

"तिवस्यावरून? माल कधी पोचायचा मग?"

"पोचन तवा पोचन. बैल काही कापूस पीत नाई."

मागचे गाडीवान खदाखदा हसले. अडत्या हसला नाही. तो पाटलांकडे पाहू लागला, पाटील तळ्याकडे पाहू लागले. वाट बदलली तर आपला बाजारही उठेल, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं असावं. कुदळीवाल्यांना म्हणाले, "राहू द्या रे. चला घरी."

इतकंच. ना कोणी चूक कबूल केली, ना कोणी गंगूबाईकडे पाहिलं. फुटलेल्या जागी माळ्यांनी स्वतःच माती ओढून धुम्मसानं ठोकून बसवली.

सांजेला गंगूबाई वाडीतून परतताना अंगणात थांबली. "आबाजी, तुमी एवढं बोलले, मी एवढी रडली, कोनं आयकलं? बैलाइनं पान्यात तोंड घातलं तं साऱ्याइले आयकू आलं." आणि हसत निघून गेली.

मला हसू आलं नाही. तळं वाचलं... पण त्यावर जगणाऱ्यांसाठी नाही, कापसाच्या गाड्या वेळेवर पोचाव्यात म्हणून वाचलं. रेल्वेचा भराव पुढं पुढं सरकतो आहे म्हणतात. उद्या या वाटेनं गाड्याच आल्या नाहीत, तर तळ्याच्या बाजूनं कोण उभं राहणार?

आभार मात्र मानायलाच हवेत, आणि ते मी त्या बैलांचेच मानतो. तहान लागली की पाण्याशी थांबावं, एवढी समज परवा आमच्या पाळीवर त्यांनाच होती.