तालमीत मी खणायला होतो

"दत्तू, आज गोमूत्र शिंपडायचं राहिलं की."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. तालमीच्या मागच्या दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आदल्या दिवशी अंगात कणकण होती, म्हणून उठायला उशीर झाला. पळत पळत पोचलो तर कुस्तीच्या मातीचा हौदा खणून झालेला. माझ्यामागून तालमीत आलेल्या सुताराच्या बबननं तो खणला होता. माती भुसभुशीत, सारखी केलेली. मारुतीपुढं उदबत्ती लागलेली. सगळे लंगोट कसून काठावर उभे, चिमूटभर माती कपाळाला लावून आत उतरायच्या बेतात. रोज या वेळी दत्तू तांब्या घेऊन यायचा आणि आंब्याच्या डहाळीनं मातीवर गोमूत्र शिंपडायचा. आज तांब्या दिसला नाही. मला वाटलं, विसरला बिचारा. आपण उशिरा आलो, निदान तालमीची रीत तरी चुकू नये.

बबन फिसकन हसला. मग सगळेच हसले. दत्तू तेवढा हसला नाही, तो मारुतीकडं बघत राहिला. वस्ताद बाकावर बसून दंडाला तेल चोळत होते. वर न बघता म्हणाले,

"आज कशाला? आज तू कुठं खणलंयस?"

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. सगळे हसतायत म्हणून मीसुद्धा थोडा हसलो. मग कळलं, आणि तोंडावरचं हसू तसंच राहिलं. मग वळलो आणि घरी आलो. वाटेत कुणी भेटलं का, काही बोललं का, आज काहीच आठवत नाही.

मी मांगवाड्यातला. आमचं गाव तळवड्याच्या अलीकडं. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की माझा बाप हलगी वाजवायचा, आणि लहानपणी मी त्याच्यामागं बसून दुसरी हलगी विस्तवावर शेकायचो. तिथून कुस्ती दिसायची. दोन गडी एकमेकांच्या मानेवर हात टाकायचे, कपाळाला कपाळ भिडवायचे. एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर. खाली पाडून वर बसलेला गडीच मग खालच्याला हात देऊन उठवायचा. बाकीची पोरं कोण जिंकला ते बघायची. मी ते हात बघायचो. आमच्या अंगाला गावातल्या कुणाचा हात लागत नसे. मारायचं झालं तरी आम्हाला काठीनं मारायचे.

मोठा झाल्यावर मी पिंपरीला बिगारी म्हणून जायला लागलो. तिथं एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. मुकादम जात विचारत नव्हता, घमेलं किती भरून उचलतोस तेवढं बघायचा. आमच्याच गावचा दत्तूही तिथं होता, वस्तादांचा पुतण्या. दुपारी बाभळीखाली आम्ही एकत्र भाकरी खायचो. माझ्या फडक्यातला ठेचा तो बोटानं उचलून घ्यायचा. एकच बिडी दोघं ओढायचो. गावाची शीव आली की तो चार पावलं पुढं चालायला लागायचा, पण त्याचं मला काही वाटत नसे. तेवढं चालायचंच, असं मी धरून चाललो होतो.

तालमीचं त्यानंच काढलं. म्हणाला, आता शिवाशिव बंदीचा कायदा झालाय, कोण तुला नको म्हणतंय. तुझं अंग चांगलं आहे, उगाच घमेल्यात घालवतोस. मी चुलत्याशी बोलतो.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, दिवसभर विटा वाहतोस, वर पुन्हा अंग मोडून घ्यायला कशाला जायचं? बाप म्हणाला, त्यातून पदरात काय पडणार? दोघांचं बोलणं खोटं नव्हतं. दोन दिवस मीही तोच विचार करत होतो. पहाटे उठायचं, तिथं घाम गाळायचा, मग पिंपरीपर्यंत पायपीट, मग काम. खुराक कुठून आणायचा? ताकद तर घमेल्यानंही येते. पण मला ताकद नको होती. मला काय हवं होतं ते आईबापाला सांगायची लाज वाटली. एवढ्या मोठ्या घोड्यानं काय सांगायचं, की गावातल्या कुणीतरी मला एकदा घट्ट धरावं?

शेवटी आईच नमली. शेळीचं दूध ती विकायची, ते मला द्यायला लागली.

नव्या गड्यानं आधी हौदा खणायचा, ही सगळ्याच तालमींची रीत. त्यानं खांदे तयार होतात. म्हणून मला फावडं दिलं तेव्हा मी खूश झालो. मागच्या दारानं ये म्हणाले, तर वाटलं फावडी तिकडंच असतात म्हणून. हातभर खोल खणायचो. ढेकूळ राहू द्यायचो नाही. खणून झालं की बाहेर अंगणात जाऊन जोर मारायचे, असं वस्तादांनी सांगितलं होतं. अंगणातून मला आत चाललेल्या कुस्त्या दिसायच्या. दोन पावसाळे सरले. बबन आला, थोडे दिवस त्यानं खणलं आणि त्याला कुस्तीला जोड मिळाली. मी मनाशी म्हटलं, तो त्याच्या मामाच्या गावी आधी खेळला असेल. आपली पाळी येईल.

आणि घरी येऊन आईला सांगायचो. त्या मातीचे काय लाड असतात म्हणून सांगू. तेल घालतात, ताक घालतात, हळद घालतात, लिंबू पिळतात. रोज खणून झाली की वर गोमूत्र शिंपडतात. पोटच्या पोरासारखी जपतात गं माती. मी हातवारे करून सांगायचो. आई भाकरी थापत ऐकायची. गोमूत्राचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला होता. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, पीठ घट्ट झालं असेल.

त्या दिवशी स्वतःचं हसं करून घेऊन घरी आलो तेव्हा ती चुलीपुढंच होती. मी विचारलं,

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तू लई खुशीत व्हतास."

हे त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. शेंबड्या पोराला कळावं ते मला कळलं नाही, आणि आईला ते पोटात ठेवून मला दूध द्यावं लागलं. त्यांच्या वागण्याची लाज त्यांना वाटायला हवी होती. ती मला वाटत होती. माझ्या भोळेपणाची, माझ्या हातवाऱ्यांची, मी मारलेल्या जोरांची. घोंगडी डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. कामावर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तू बाभळीखाली माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या मनात काही नाही, चुलत्यानं सांगितलं म्हणून शिंपडत होतो, असं म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं हे खरंच असेल. तांब्या मात्र त्याच्याच हातात होता. त्यानं ठेच्याकडं बोट नेलं, तेव्हा मी फडकं बांधलं आणि उठलो.

संध्याकाळी वस्तादांचा निरोप आला. गेलो. ते ओट्यावर, मी खाली. गोड बोलले. पोरं हसली ते चुकलं म्हणाले. अंगणात तुझ्यासाठी फिरवायला मुद्गल ठेवतो, डाव तोंडी सांगतो, एकटा मेहनत कर. फौजेच्या भरतीत छाती मोजतात, तिथं उपयोग होईल.

"अंगच कमवायचं हाय न्हवं तुला? मग आत न् भाईर सारखंच की. आन् खणायला येत जा. तुझ्यासारखी माती कुनी उकरत न्हाई."

मी "व्हय" म्हणालो. खोटं कशाला सांगू. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही. घरी येताना मनाची समजूत घालत होतो, की छाती तर होईल, भरती तर होईल. बाप म्हणाला, एवढं देतायत ते घे, डोकं चालव.

पहाटे गेलो आणि फावडं उचललं. आजवरची लाज न कळण्याची होती. ही कळून केलेली होती. प्रत्येक घाव घालताना वाटत होतं, मला विटाळ ठरवणारी माती मीच तयार करतोय. नाही, त्यांच्या लेखी मी तिला बाटवतोय, आणि तेही त्यांना हवंय, रोज, वेळेवर, ढेकूळ न ठेवता. माझे हात त्यांना चालत होते. पाय चालत होते. घाम त्या मातीत पडत होता तोही चालत होता, वर चार थेंब टाकले की झालं. फक्त माझी मान त्यांच्या हाताला चालत नव्हती.

खणून झालं. वर बघितलं तर दत्तू काठावर तांब्या घेऊन उभा. मी बाहेर यायची वाट बघत होता. बाकीचे त्याच्यामागं.

मी बाहेर आलो नाही. फावडं काठावर फेकलं आणि हौद्याच्या मधोमध मांडी घालून बसलो.

"चल, नीघ," वस्ताद म्हणाले. "खोळंबा हुतोय."

"शिंपडा. मी हितंच हाय."

दत्तूचा हात हलला नाही. वस्ताद काठाशी आले. डोक्यावर परिणाम झालाय का, बापाला विचारून आलास का, वर्षाचं धान्य कुणाच्या खळ्यावरून नेता ते तरी ठाऊक आहे का, असं बरंच बोलले. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी म्हणालो,

"मला अंग कमवायचं न्हवतं, वस्ताद. मला धरायचं व्हतं. यकानं उतरा आन् धरा मला. न्हाईतर उचलून भाईर टाका. कायबी करा, हात लावावाच लागंल."

कुणी उतरलं नाही. सुताराचा बबन आता हसत नव्हता. दत्तूच्या हातातला तांब्या वाकडा झाला होता आणि त्याच्याच पायावर सांडत होता. वस्तादांनी काठी आणायला सांगितली. कुणीतरी आणली. पण काठी घेऊन मारायचं तरी मातीत पाय टाकावा लागत होता, आणि मातीत मी होतो. कुणी पाय टाकला नाही. उन्हं दारातून आत आली तेव्हा कामाची वेळ झाली म्हणून मी आपण होऊन उठलो. माती झटकली नाही. तशाच अंगानं पुढच्या दारानं, त्यांच्या मधून निघालो. माझा धक्का लागू नये म्हणून तेच बाजूला झाले.

रात्री बापाला चावडीवर बोलावणं आलं. परत आला तो भिंतीला टेकून बसला. पोरानं पाया पडून माफी मागितली नाही तर औंदा धान्य बंद, असं त्याला सांगितलं होतं. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्यानं फक्त विचारलं,

"उद्या जानार?"

"व्हय."

"खायाचं काय?"

"पिंपरीत घमेली हाईत."

तो कूस बदलून झोपला. बरं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. मला भीती वाटत होती, आणि लाज अजून गेलेली नव्हती. पण आता ती माझ्या भोळेपणाची नव्हती. त्या "व्हय"ची होती, जो मी ओट्याखाली उभं राहून म्हणालो. तो शब्द मला त्या माणसापुढं पुन्हा म्हणायचा नव्हता.

पहाटे लंगोट कसला आणि निघालो. फावड्याला हात लावणार नव्हतो. कुणी मला हात लावेपर्यंत मी रोज जाणार होतो. धरायला लावो, नाहीतर मारायला.