चारी बाजूंना समुद्र

तो जबाब आजही आठवतो. पोलिसाच्या नोकरीत प्रेतं पाहिली, दरोडे पाहिले. पण जबाब लिहिता लिहिता हात थांबावा, असं एकदाच झालं.

देवगाव फाट्यावरच्या आमच्या खबऱ्याचा सकाळी फोन आला. "साहेब, जमिनीवरून सख्खे भाऊ भांडलेत. थोरल्यानं धाकट्याच्या डोक्यात काठी घातली. इथंच बसची वाट बघायलाय तो."

बीट अंमलदाराने बस येण्याआधी त्याला ताब्यात घेतलं. धाकटा परभणीच्या सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता. वाचेल का, हे डॉक्टरही सांगेनात.

बांधावरून डोकी फुटणं आमच्याकडे नवं नाही. नांगरताना शेजाऱ्याचा बांध जरासा कोरायचा, हे बाळकडूच असतं. म्हणून तलाठ्याकडे गट नंबर मागितला. तो म्हणाला, "साहेब, या घराच्या नावावर इंचभर जमीन नाही. मेंढ्या राखतात, मजुरीला जातात."

मला वाटलं, जमिनीचं नाव सांगून थोरला खरं कारण लपवतोय. त्याला समोर बसवलं.

"जमीन कुठंय? चतुःसीमा सांग."

मान खाली घालून तो म्हणाला, "चारी बाजूंना समुद्र."

मी टेबलावर हात आपटला. परभणी जिल्ह्यात समुद्र! तेव्हा तो हळूच बोलला, "मोबाईलात हाय, साहेब."

पंचांसमोर मोबाईल उघडला. एका खेळातल्या जगात दोघा भावांनी मिळून एक बेट घेतलं होतं. उत्तरेला डोंगर, त्यातून निघून दक्षिणेच्या समुद्राला मिळणारा ओढा आणि दोन्ही काठांना काळं रान. तिथे नुसत्या बोटाने जमीन उचलता येते, पाणी वळवता येतं. ओढ्याच्या पूर्वेचं थोरल्याचं, पश्चिमेचं धाकट्याचं. मध्ये पाणी असूनही दोघांनी आपापल्या काठाने बांध घातले होते.

"त्यानं वढा माझ्याकडं सरकवला," तो म्हणाला. "रोज जरासा. लय दिवस गप बसलो."

"अरे, समुद्र बुजवून हवी तेवढी जमीन करता येत होती ना?"

"येत व्हती की. फुकट."

"मग?"

"ती नवी झाली असती, साहेब. ही माझ्या हिश्श्याची व्हती."



दुपारी त्यांची आई ठाण्यात आली. पोरं कशावरून भांडली, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी तिला ते बेट दाखवलं. डोळे बारीक करून तिने डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळं पाहिलं आणि विचारलं, "यात घर कुठं हाय?"

घर नव्हतं. दोघांपैकी कोणीही बांधलं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, धाकटा गेला. गुन्ह्याचं कलम बदललं. थोरल्याला सांगितलं तसा तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "साहेब, एकदा मोबाईल द्या. त्याला पायजे व्हता तिथवर वढा नेऊन ठिवतो."

मोबाईल तोवर मुद्देमालात सील झाला होता. मला देता आला नाही.

जमीन पुरत नाही म्हणून माणसं भांडतात, असं मी नव्या शिपायांना सांगायचो. त्या दिवसानंतर सांगितलं नाही. परक्याने एकर दाबला तर माणूस कोर्टात जातो. भावाकडे वीतभर गेलेली मात्र त्याला सोसत नाही, मग ती जमीन असो वा नसो.