मामांनी शेंदूर लावलेला दगड

आमच्या मामांइतका इंग्रजाला शिव्या देणारा आणि इंग्रजी हुकमावर औत हाकणारा माणूस चाकणच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आले ते चार इंग्रजी शब्द घेऊन, आणि तेवढ्यांवर त्यांनी उरलेला जन्म काढला. त्यांचे बैल 'हाल्ट' म्हटल्याशिवाय थांबत नसत. शेजाऱ्यानं एकदा मागून नेले, तर त्याचं कांद्याचं रान ओलांडून ते थेट ओढ्यात जाऊन उभे राहिले.

रोज सकाळी मामा चावडीसमोरच्या दगडाला कडक सलाम ठोकत. दगड इंग्रज सरकारनं बसवलेला. या गावातून अकरा माणसं लढाईवर गेली, तीन कामी आली, एवढंच त्यावर कोरलेलं. नावं नाहीत. त्या तिघांतले एक माझे वडील. मी तेव्हा पाळण्यात होतो. त्यांची राखसुद्धा आली नाही; गावात त्यांची खूण ती एवढीच. पण चावडी पडली पुरुषांची जागा. आई तिथून खाली मान घालून निघून जायची.

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी पंचायतीनं ठरवलं, गोऱ्यांची ही खूण उपटून शाळेच्या पायरीला घालायची. ठराव लिहिला मी. गावचा मास्तर ना मी! अक्कल गहाण टाकून सुवाच्य अक्षरात लिहिला. मामा ऐकून एवढंच म्हणाले, "ब्येस."

दुसऱ्या दिवशी माणसं पहारी घेऊन गेली, तर दगड शेंदरानं माखलेला, पुढं नारळ फोडलेला. आता हात कोण लावतो? सरपंचांनी विचारलं, "मामा, ह्यो द्येव कंचा?"

"मला न्हाई ठावं. तुमी पहार घाला, त्योच सांगंल."

ठराव तिथंच बारगळला. मी मात्र मामांच्या घरी जाऊन तणतणलो, "मामा, ही शुद्ध लबाडी झाली."

"व्हय, झाली. पर द्येवाम्होरं बाईमाणूस उभं ऱ्हायलं तर कोण इचारतंय? जा, आईला सांग."

सोमवारी आई फुलं घेऊन निघाली. मामा आणि मी बरोबर. चावडीवरची माणसं सरकून बसली. आईला वाचता येत नव्हतं. "तीनचा आकडा कंचा रं?" तिनं हळूच विचारलं. थोडा शेंदूर पुसून मी तिचं बोट त्यावर ठेवलं. ती बोट उचलीचना. मामा तोंड फिरवून पागोटं बांधत राहिले, बांधलेलंच होतं तरी.

तुमचे उपकार झाले, असं मी त्यांना तोंडानं कधी म्हटलं नाही. आज म्हणतोय, तर ऐकायला ते नाहीत.