पत्रकावरची टिकली

मांजर्लीच्या आमच्या वॉर्डात ताई निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं प्रचाराचं काम सोपं आहे. उल्हास नदीचं पाणी तळमजल्याच्या खिडक्यांना लागलं त्या वर्षी याच बाईने कमरेएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर चढवलं होतं. त्यात माझी आईही होती. समोरचा उमेदवार पाणी ओसरल्यावर आला, फोटोग्राफर घेऊन. हे सगळ्यांना आठवत होतं. त्याचा उपयोग शून्य.

"ताई कामाच्या आहेत गं, पण आरतीला कधी दिसल्या नाहीत." हे पहिलं दार. ताई बौद्ध, आजोबांच्या दीक्षेपासून त्यांच्या घरात कुंकू नाही. दुसरं दार: "दिवसभर फिरतात, मग मिस्टरांच्या जेवणाचं काय?" समोरच्याच्या बायकोच्या जेवणाचं काय, हे त्याला एकाही माउलीने विचारलं नाही. त्याने बायकांची एसी बस देवदर्शनाला नेली आणि कपाळभर अष्टगंध लावून पोस्टरवर हात जोडले. झाला सज्जन.

पत्रक छापायला मी उल्हासनगरला गेले. प्रेसवाले सिंधी काका स्क्रीनवर ताईंचा फोटो बघत म्हणाले, "बेटा, माथा खाली लगता है. बिंदी डाल दूँ? एक क्लिक का काम है."

चौकाचौकात समतेवर भाषणं ठोकणारी मी म्हणाले, "छोटीशी टाका."

ताईंना विचारलं नाही. सकाळी दोन बिल्डिंगांत मी एकटीनेच पत्रकं वाटली. दुपारी ताई सोबत आल्या, तर तळमजल्यावरच्या काकू पत्रक घेऊनच दारात.

"टिकली पडली वाटतं वाटेत?"

ताईंनी पत्रक हातात घेतलं, बघितलं, परत दिलं. "माझी नाही ती. मी लावत नाही."

जिन्यात मला म्हणाल्या, "तुझ्या आईला पाण्यातून वर नेलं, तेव्हा तिने माझं कपाळ तपासलं नव्हतं. तुला का तपासावंसं वाटलं?"

मला जिंकायचं होतं, एवढंच.

गठ्ठा तिथेच बांधला. उरलेले दिवस आम्ही रिकाम्या हाताने फिरलो. जिथे जिथे पत्रक गेलं होतं त्या प्रत्येक दारात, टिकली मी लावली हे ताईंनी मला माझ्या तोंडाने सांगायला लावलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे खोटं छापलंत. अशांवर विश्वास कसा ठेवायचा?" टिकलीशिवाय मत द्यायची तयारी नसलेली बाई मला खरेपणा शिकवत होती. आणि चीड याची, की तेवढ्यापुरतं तिचं बरोबर होतं.

ताई पडल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच पडल्या.

पुढच्या जुलैत पाणी पायरीला लागलं आणि काकूंचा मला फोन आला. "अगं, त्या ताईंचा नंबर दे ना. पत्रकावर होता, सापडत नाहीये."

"निवडून आलेत त्यांना लावा की."

"ते उचलत नाहीत गं."

"काकू, ताई अजूनही टिकली लावत नाहीत. चालेल ना?"

त्यांच्या मागे कुणीतरी गादी उचला, गादी उचला म्हणत होतं.

"वेळ काय, तू बोलतेस काय," काकू म्हणाल्या. "नंबर सांग."

सांगितला.