परमनंट माणसाची साक्ष

कवडू ताकसांडे वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं आठवलं की मलासुद्धा त्याची चीड येते.

हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत तो आणि मी परमनंट. वडनेरचा लहानू मून ठेकेदाराचा माणूस. सहा वर्षं आमच्याच साच्यावर राबला. चालत्या साच्यावर तुटलेला धागा कसा सांधायचा, हे त्याला कवडूनंच हात धरून शिकवलं. त्यात वर्ष गेलं. पण मनातून कवडू, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळेच, निर्धास्त होतो. कपात झालीच तर आधी ही ठेक्याची माणसं जातील. ती आहेत तोवर आपल्या केसाला धक्का नाही.

१९९८ साली लहानूनं कायम करा म्हणून कोर्टात दावा लावला. कवडूला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी मॅनेजरनं त्याला समजावलं, हे लोक कायम झाले तर उद्या कपातीत तुमचाही नंबर लागेल. निघताना बायको तानाबाई म्हणाली, "काऊन भेता? खरं ते सांगून या."

कवडूनं शपथ घेऊन सांगितलं, "हे काम चार दिवसात कोणालेही येते, साहेब. असे लोकं येतेत अन् जातेत."

लहानू दावा हरला.

दोन वर्षांनी मॅनेजरनं आम्हा परमनंट लोकांना बोलावून तीच साक्ष वाचून दाखवली. चार दिवसांत येणाऱ्या कामाला कायमची माणसं कशाला हवीत? बावीस जणांच्या स्वेच्छानिवृत्तीवर सह्या घेतल्या. स्वेच्छा कसली, डोंबलाची! साचे ठेकेदाराकडे गेले.

मी पानठेला टाकला. कवडूला दुसरं काहीच येत नव्हतं. ठेकेदार त्याला वयामुळे घेईना, तेव्हा लहानूनं शब्द टाकला. आता दोघं एकाच पाळीत, एकाच साच्यावर, रोजंदारीवर.

परवा कवडू ठेल्यावर आला. पार खंगला होता. मी विचारलं, "लहानू तुले काही म्हणते का?"

"नाई ना म्हणत," तो म्हणाला. "रोज इचारते, कवडूभाऊ, जेवले का? एकडाव मायबहिणीवरून शिव्या देल्ल्या असत्या, त मले घास तरी गेला असता."